शैक्षणिक संपादणूक आणि शाळेचे बुडालेले दिवस : कर्जत व खालापूर तालुक्यांतील पालक-शिक्षकांसाठी

विद्यार्थ्याने ठरावीक काळात अभ्यासक्रमातील जे ज्ञान आणि जी कौशल्ये प्रत्यक्ष आत्मसात केलेली असतात, त्यांना शिक्षणशास्त्रात शैक्षणिक संपादणूक म्हणतात; परीक्षेतील गुण हे तिचे केवळ एक माप असते आणि ते मापही बऱ्याचदा अपुरे पडते. ही संपादणूक कशावर अवलंबून असते, असे विचारले तर बहुतेक घरांत आणि पुष्कळ शिक्षककक्षांतही बुद्धी व मेहनत या दोनच गोष्टींची नावे घेतली जातात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, समुद्रापासून दूर आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांचा विचार केला, तर मूल मागे पडण्याचे सर्वांत मोठे कारण याहून साधे आणि मोजता येण्याजोगे आहे: ते वर्षभरात शाळेत किती दिवस बसते, आणि जे दिवस बुडाले त्यांतले शिकणे पुढे कोणी भरून काढते की नाही. बाकीची बहुतेक कारणे एकतर या बुडालेल्या दिवसांतून निघतात किंवा त्यांत भर घालतात.

दोन्ही तालुक्यांत मुले एकाच परिस्थितीत शिकत नाहीत. नेरळ, कर्जत व खोपोली ही रेल्वेने मुंबईशी जोडलेली गावे, चौक आणि मोहोपाडा-रसायनी ही रस्त्यांलगत व कारखान्यांभोवती वाढलेली गावे, आणि डोंगराच्या कुशीत किंवा माथ्यावर असलेल्या ठाकर व कातकरी समाजांच्या वाड्या अशी तीन निराळी जगे येथे काही किलोमीटरांच्या अंतरावर नांदतात. 1966 साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली झालेल्या विस्तृत पाहणीत, शाळांच्या इमारती व साधने यांतील फरकापेक्षा मुलाच्या कौटुंबिक पार्श्वभूमीचा त्याच्या संपादणुकीशी अधिक घट्ट संबंध असल्याचे दिसून आले होते. त्यावरून गरिबाघरचे मूल शिकू शकत नाही असा अर्थ काढणे सर्वस्वी चूक आहे. ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हा शब्दप्रयोग मोघम असून त्याची फोड केली, की आहार, झोप, घरात बोलली जाणारी भाषा, आई-वडिलांचे स्थलांतर, धाकट्या भावंडांची जबाबदारी, अंगावर काढलेले आजार आणि नसलेली कागदपत्रे अशा वेगवेगळ्या गोष्टी हाती लागतात, ज्यांपैकी बऱ्याच गोष्टी पालक, शिक्षक आणि गाव यांनी ठरवले तर बदलता येतात.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन झाले पाहिजे. हे शाळेने भरवायचे दिवस झाले. मूल त्यांतले किती दिवस वर्गात होते हा निराळा आकडा आहे आणि संपादणूक त्या दुसऱ्या आकड्यावर ठरते. वर्षातील शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस, म्हणजे 200 पैकी 20 दिवस, गैरहजर राहणाऱ्या मुलाची अनुपस्थिती जगभरातील शिक्षणतज्ज्ञ चिंताजनक मानतात. महिन्याला दोन-तीन दिवस या हिशेबाने हा उंबरठा नकळत ओलांडला जातो, आणि म्हणूनच ‘एखाद-दुसरा दिवस बुडाला तर काय बिघडते’ हा घराघरांतला समज धोक्याचा आहे. गणितासारख्या विषयात एक पायरी दुसरीवर उभी असते: हातच्याची वजाबाकी ज्या आठवड्यात शिकवली त्या आठवड्यात मूल शेतावर असेल, तर पुढे भागाकार, अपूर्णांक आणि टक्केवारी या साऱ्यांत ते अडखळते, आणि सातवीत त्याला ‘गणिताचे डोके नाही’ असा शिक्का मिळतो. तो शिक्का मुळात तिसरीतल्या त्या आठवड्याचा असतो.

वाडीवरच्या मुलाचे शालेय वर्ष कसे जाते, याचा आराखडा मांडला तर प्रश्नाची खोली कळते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, त्याच सुमारास पाऊस लागतो आणि लवकरच भाताची आवणी सुरू होते. घरातली मोठी माणसे दिवसभर चिखलात असतात, तान्हे मूल सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण घरी राहते, आणि मोठी मुले रोपे काढायला किंवा गुरे राखायला जातात. या पट्ट्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाडी आणि शाळा यांच्यामध्ये एखादा ओढा असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये तो भरून वाहतो त्या दिवशी मूल शाळेत पोचूच शकत नाही. ऑक्टोबरमध्ये कापणी व झोडणी येते. त्यानंतर दिवाळी होते आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात, ती पुन्हा पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे दुसरे सत्र संपूर्ण हातचे जाते, आणि पहिल्या सत्रातले रविवार, सणांच्या सुट्या, आवणी आणि ओढ्याला पूर आलेले दिवस वजा केले, तर कायद्याने दिलेल्या दोनशे दिवसांपैकी निम्मे दिवसही अशा मुलाच्या वाट्याला येत नाहीत. त्या निम्म्याहून कमी दिवसांत त्याने इतरांइतके शिकावे अशी अपेक्षा ठेवणे आणि ते जमले नाही म्हणून त्याला मंद ठरवणे, हा अन्याय आहे.

या स्थलांतरामागचे कारण समजून घेतल्याशिवाय त्यावरचा उपाय सापडत नाही. खैराच्या झाडापासून कात काढणे हा ज्या समाजाचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय होता, त्याचे जंगलावरचे हक्क ब्रिटिश काळापासून आक्रसत गेले. कातकरी आज महाराष्ट्रातील कोलाम व माडिया गोंड यांच्यासह विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक मानले जातात. भूमिहीन कुटुंब पावसाळ्यातील टंचाईच्या काळात किंवा लग्नकार्यासाठी भट्टीमालकाकडून उचल घेते, म्हणजे हंगामाआधीच मजुरीची आगाऊ रक्कम स्वीकारते, आणि ती फेडण्यासाठी नवरा, बायको व हाताशी आलेली मुले भट्टीवर राबतात. अशा पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी भाषणे निरर्थक आहेत, कारण महत्त्व त्यांना पटलेले असते. अडचण मूल कोणाकडे ठेवून जायचे ही असते. म्हणून शिक्षकांनी ऑक्टोबरमध्येच, उचल घेतलेल्या घरांची यादी हाताशी असताना, प्रत्येक कुटुंबाशी तीन पर्यायांवर बोलावे. मूल आजी-आजोबांकडे किंवा अन्य नातेवाइकांकडे राहू शकत असेल आणि हंगामी वसतिगृहाची सोय मंजूर करून घेता येत असेल, तर तो पहिला पर्याय होय; या व्यवस्थेत स्थलांतरित पालकांची मुले गावातच राहतात व हंगामापुरती त्यांच्या जेवणाखाण्याची सोय शासनाच्या खर्चाने होते. दुसरा पर्याय निवासी आश्रमशाळेचा आहे. मूल सोबत न्यावेच लागणार असेल, तर तिसरा पर्याय म्हणजे शिक्षण हमी कार्ड, ज्यावर मुलाची इयत्ता व त्याची सध्याची पातळी नोंदवलेली असते आणि ज्याच्या आधारे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येते.

येथे पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये, असे कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे, आणि जन्माचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालवून, मजुरांच्या झोपड्यांच्या शेजारीच मुलांना शिकवता येते हे दाखवून दिले होते. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची तात्पुरती झोपडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील कोसबाड परिसरात कुरणशाळेचा प्रयोग केला, ज्यात मूल शाळेत येत नाही तर शाळाच कुरणावर गेली. कर्जत-खालापूरच्या वाड्यांची स्थिती त्या परिसराशी इतकी मिळतीजुळती आहे, की हे दोन्ही प्रयोग येथील शिक्षकांनी केवळ डी.एड.च्या उत्तरपत्रिकेपुरते न ठेवता आवणीच्या पंधरवड्यात सकाळ-संध्याकाळच्या तासाभराच्या वर्गाच्या रूपाने पुन्हा करून पाहावेत.

बुडालेले दिवस टाळता आले नाहीत, तर ते भरून काढणे उरते, आणि याबाबतीत मुंबईतच झालेले काम फार उपयोगी आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ कार्यक्रमात तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वस्तीतलीच एक तरुणी मूळ वाचन व अंकगणित शिकवत असे. मुंबई व वडोदरा येथे या कार्यक्रमाचे काटेकोर मूल्यमापन अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि मुलांच्या संपादणुकीत स्पष्ट वाढ झाल्याचे, तीही सर्वांत मागे असलेल्या मुलांत अधिक झाल्याचे दिसले. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच प्रयोगांसाठी. या पद्धतीचे मर्म असे, की मुलाला त्याच्या इयत्तेचे पुस्तक न देता त्याच्या पातळीचे काम द्यायचे. पाचवीतले जे मूल जोडाक्षरे वाचू शकत नाही त्याला पाचवीचा धडा दहा वेळा लिहायला लावण्याने काहीही साधत नाही. त्याला सहा आठवडे रोज तासभर अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद या क्रमाने वाचते केले, तर धडा त्याच्या आवाक्यात येतो.

वाडीवर हे कसे करावे, याचे उत्तर महागडे नाही. दहावी किंवा बारावी झालेली एखादी मुलगी जवळपास प्रत्येक मोठ्या वाडीत सापडते आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा लोकवर्गणीतून तिला मानधन देता येते. शिक्षकाने शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एक साधा परिच्छेद वाचायला आणि हातच्याची एक वजाबाकी सोडवायला देऊन त्याची पातळी वहीत नोंदवावी, इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार तीन गट करावेत आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा पडताळावे. ज्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात तेथे, म्हणजे शिक्षणशास्त्राच्या भाषेत जेथे बहुवर्ग अध्यापन चालते तेथे, असे गट करणे उलट सोपे जाते, कारण मुले आधीच एका खोलीत असतात. लहान शाळा म्हणजे कनिष्ठ शाळा ही धारणा शिक्षकांनीच मोडली पाहिजे. मात्र दोनपैकी एक शिक्षक सतत बैठका, माहिती भरणे आणि अन्य कामांसाठी तालुक्याला जात असेल, तर कोणतीही पद्धत टिकणार नाही, आणि याची दखल गावाने घेतली पाहिजे.

भाषेचा प्रश्न याच पायाशी जोडलेला आहे. ठाकर व कातकरी घरांतील मूल आपली बोली बोलत पहिलीत येते आणि पुस्तकातली प्रमाण मराठी त्याला परकी वाटते. शिक्षक मात्र ते मूल मराठीच बोलते असे गृहीत धरतो, त्यामुळे न समजणे हे न शिकणे ठरते. जिम कमिन्स या अभ्यासकाने 1979 पासून मांडलेला एक भेद येथे मार्गदर्शक आहे: खेळताना, बाजारात बोलताना लागणारी संभाषणाची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलते, परंतु कारण सांगणे, तुलना करणे, व्याख्या समजणे यांसाठी लागणारी अभ्यासाची भाषा पक्की होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. म्हणून तिसरीतले मूल शिक्षकाशी मराठीत गप्पा मारते याचा अर्थ त्याला परिसर अभ्यासाचा धडा कळतो असा होत नाही. पहिली-दुसरीत मुलांना त्यांच्या बोलीत उत्तर देऊ द्यावे, ते चूक म्हणून हिणवू नये, वाडीतल्या वृद्धांकडून झाडे, मासे, भांडी, नाती यांची बोलीतील नावे गोळा करून भिंतीवर प्रमाण मराठीच्या शेजारी लिहावीत. पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे 2020 चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही सांगते. गावांतल्या, म्हणजे नेरळ, कर्जत, चौक, खोपोली येथील पालकांपुढे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा असतो: इंग्रजी माध्यमाची शाळा निवडावी का? घरात इंग्रजी वाचून दाखवणारे कोणी नसेल, तर केवळ गणवेश आणि बस पाहून घेतलेला तो निर्णय मुलाला बहुधा महाग पडतो, कारण ते पाठ करून गुण मिळवते आणि सहावी-सातवीनंतर पाठांतर पुरत नाही. मराठी माध्यमात राहून गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा सेमी-इंग्रजी वर्ग हा अशा घरांसाठी अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

शरीराच्या अवस्थेचा अभ्यासाशी असलेला संबंध या भागात फार जुन्या काळी ओळखला गेला होता. माथेरानला जन्मलेले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांनी स्वातंत्र्यलढ्यात उडी घेण्यापूर्वी कर्जत परिसरात शाळा आणि धान्यकोठ्या ही दोन्ही कामे बरोबरीने चालवली. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की माणूस सावकाराच्या दारी जातो, हे त्यांनी ओळखले होते. उपाशी मुलाचे लक्ष टिकत नाही ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे. शालेय पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे, परंतु हे जेवण दुपारी मिळते आणि शाळेचे सर्वांत महत्त्वाचे तास सकाळी असतात. कोऱ्या चहावर घराबाहेर पडलेले मूल त्या तासांत काही शिकू शकत नाही. त्यातून चहा अन्नातील लोहाचे शोषण कमी करतो, तर आवळा किंवा लिंबू ते वाढवतो. म्हणून सकाळी चहा-बिस्किटांऐवजी नाचणीची किंवा तांदळाची भाकरी व त्यासोबत पावसाळ्यात टाकळा, कुर्डूसारखी रानभाजी देणे हा खर्च न वाढवणारा बदल आहे. पांडुरोग, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, हा किशोरवयीन मुलींमध्ये राज्यात निम्म्याहून अधिक जणींत आढळतो. धाप लागणे, डुलक्या येणे, धडा लक्षात न राहणे ही त्याची लक्षणे असतात, आळसाची नव्हे. शाळेत मिळणारी लोहाची गोळी आणि दरवर्षी फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये दिली जाणारी जंतनाशक गोळी मुलांनी खिशात न ठेवता शिक्षकांसमोर घ्यावी. केनियात क्रेमर व एडवर्ड मिगेल यांनी केलेल्या प्रयोगात जंतनाशक औषधामुळे शाळेतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली होती, हे ध्यानात घेतले तर त्या गोळीचे मोल कळते.

डोळे आणि कान यांकडे तर बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. फळ्यावरचे न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि त्याला नक्कल करणारा म्हणतात. पावसाळ्यात कान वाहत असलेल्या मुलाला अर्धे ऐकू येत नाही आणि त्याला मठ्ठ म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत वर्षातून एकदा येते, त्या दिवशी कोण गैरहजर होते याची यादी करून त्या मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, कारण सतत आजारी असणारी मुलेच नेमकी त्या दिवशी घरी असतात.

आश्रमशाळा हे या भागातील हजारो मुलांचे दुसरे घर आहे, आणि पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत त्यांचा कारभार चालतो. वर्षभर हजेरी आणि दोन वेळचे जेवण हा त्यांचा मोठा लाभ, तर घरापासूनची ताटातूट ही त्यांची मोठी अडचण. गणपती किंवा दिवाळीच्या सुटीला घरी गेलेली मुले परत न येणे ही तेथील नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यावर उपाय पालकांच्याच हातात आहे: सुटी संपेल त्याच दिवशी मुलाला स्वतः पोचवावे, सत्रात किमान दोनदा भेटायला जावे, खरूज किंवा ताप दिसल्यास अधीक्षकांना लेखी कळवावे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा आश्रमशाळांत राहून शिकणारी तिथली मुले बचावली, परंतु त्यांतल्या कित्येकांनी आई-वडील आणि भावंडे गमावली. अशा आघातानंतर मूल गप्प होते, झोपेत दचकते, पूर्वी येत असलेले वाचन विसरल्यासारखे वागते. त्याला त्या काळात गुणांसाठी दटावू नये, रोज ठरावीक वेळी भेटणारे एक विश्वासाचे माणूस त्याला द्यावे आणि गरज भासल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी. घरातला मृत्यू, दारूपायी होणारी भांडणे, कर्ज यांचे ओझे वाहणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.

मुलींच्या बाबतीत दोन अडथळे वेगळे नोंदवावे लागतात. एप्रिल-मेमध्ये पाणी दुरून आणावे लागते आणि परीक्षा त्याच दिवसांत येतात. परीक्षेच्या पंधरवड्यापुरते तरी पाणी भरण्याचे काम घरातल्या पुरुषांनी करावे. आठवीनंतर शाळा दूर जाते तेव्हा अनेक घरांत मुलीचे शिक्षण थांबते, पण एस.टी.च्या अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी मोफत प्रवास मिळतो, तो पास जूनमध्येच काढून घ्यावा.

दहावीनंतर प्रश्नाचे स्वरूप बदलते. कर्जत ते मुंबई हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे असून बदलापूर, उल्हासनगर किंवा कल्याण येथील महाविद्यालयात रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याचे तीन-चार तास लोकलमध्ये व स्थानकावर जातात. खोपोली मार्गावरच्या विद्यार्थ्याची एक गाडी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंतचा वेळही वाया जातो. या वेळेची किंमत बहुधा झोपेतून वसूल होते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे काम झोपेतच होते, म्हणून रात्री मोबाइल बघण्यात घालवलेला तास हा दुहेरी तोटा आहे. प्रवासात नवे काही वाचण्यापेक्षा काल शिकलेले पुस्तक न उघडता आठवून पाहावे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले, जरी लगेच घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. विद्यार्थी फसतात ते येथेच: वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असा भ्रम होतो. धडा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने कोऱ्या कागदावर तो मांडून पाहणे, हा कोणत्याही गाईडपेक्षा व बहुतेक शिकवण्यांपेक्षा खात्रीचा मार्ग आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

पावसाळ्यात भिवपुरीचा धबधबा, माथेरान आणि आसपासची फार्महाऊस शनिवार-रविवारी पर्यटकांनी भरून जातात. कणसे विकून किंवा हॉटेलात हाताखाली राहून मुलाला दोन दिवसांत मिळणारी रोख रक्कम घराला हवीहवीशी असते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहेच. त्याहून मोठ्या मुलांनी रविवारी कमावले तर त्यात कमीपणा नाही, मात्र शनिवारची सकाळची शाळा आणि दमल्यामुळे बुडणारा सोमवार हे महिन्याचे आठ दिवस होतात, याचा हिशेब पालकांनी कमाईच्या शेजारी मांडावा.

कागदपत्रांअभावी थांबलेले शिक्षण हे सर्वांत दुःखद, कारण त्यात मुलाची कसलीच उणीव नसते. अनुसूचित जमातीचा दाखला कर्जत येथील प्रांत कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा विचारला जातो. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत तेथे तो पुरावा शोधायला महिने लागतात. हे काम दहावीच्या निकालानंतर सुरू केले तर प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही हुकतात. आठवीतच अर्ज करावा, दाखला मिळताच जात वैधतेची तयारी करावी, आणि आधार, जन्मनोंद व शाळेचे रजिस्टर यांतले नाव अक्षरन् अक्षर एकच आहे का ते शिक्षकांनी तपासून द्यावे.

ही सारी कामे कोणी करायची, याचे उत्तर शिक्षण हक्क कायद्यातच आहे. प्रत्येक अनुदानित व शासकीय प्राथमिक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. या समितीने आपली दिवाळीपूर्वीची बैठक केवळ सह्यांपुरती न घेता हजेरीपट समोर ठेवून घ्यावी, वीसहून अधिक दिवस गैरहजर राहिलेल्या प्रत्येक मुलाचे नाव वाचावे, यंदा कोणते कुटुंब कोठे जाणार आहे हे विचारून घ्यावे आणि वसतिगृह, आश्रमशाळा किंवा हमी कार्ड यांपैकी त्या मुलासाठी काय ठरले ते त्याच दिवशी इतिवृत्तात लिहावे. कुटुंबे भट्टीवर निघून गेल्यावर घेतलेल्या बैठकीचा त्या मुलांना काही उपयोग होत नाही.